पहिल्या लेनमधलं माणूस

"ती आली का?"

आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला तेव्हा मी विभागाच्या दारात उभी होते. हातात नेमणुकीचा कागद, खांद्याला पर्स, नोकरीचा पहिला दिवस. मला वाटलं, माझ्याबद्दलच विचारतायत. मी "हो" म्हणणार, इतक्यात टेबलाशी उभे असलेले शिपाई, मुलाणीमामा, म्हणाले, "यायलीया सर. अजून नीट दिसंना, पर यायलीया."

मामा दोन्ही हातांनी एक उथळ ट्रे हळूहळू हलवत होते. ट्रेत पाणी, आणि पाण्यात काचेसारखी पारदर्शक, थरथरणारी जेलची एक पातळ चादर. आधी काही नव्हतं तिथं आता तिच्यावर तपकिरी रेघा उमटत होत्या, एकेक, अगदी सावकाश. सर बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ट्रेवर वाकून डावीकडच्या पहिल्या रांगेकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"आली," ते म्हणाले. "आज जरा दमल्यासारखी आहे."

मामांनी मान डोलावली. मग सरांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्ही नवीन मॅडम ना? या. रक्त कधी देताय?"

सरांशी माझी ओळख झाली ती अशी. नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. सांगलीतल्या एका मेडिकल कॉलेजात मी बायोकेमिस्ट्री शिकवायला लागले आणि सर आमचे विभागप्रमुख होते. सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव मी सांगणार नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

सर मूळचे विट्याचे. वडिलांचं गलाईचं दुकान दूर तमिळ मुलखातल्या एका देवळाच्या गावात होतं. सोनारांच्या दुकानांतली झाडलोट, पुसायची फडकी, पायपुसणीसुद्धा विकत आणायची, जाळायची, आणि राखेतून सोन्याचे कण काढायचे, हा तो धंदा. सरांचं बालपण त्या भट्टीशेजारी गेलं, त्यामुळे आकडे ते कायम तमिळमध्ये मोजत. यंत्रात नळ्या लावताना ओठांतल्या ओठांत त्यांचं मोजणं चाले आणि नव्या विद्यार्थ्यांना वाटे, मंत्र म्हणतायत. विभागात जे काही चाले ते पाहता कुणालाही तसं वाटलं असतं.

ते सगळ्यांना "तुम्ही" म्हणत. मामांना, कँटीनमधल्या पोरांना, खिडकीतून आत येणाऱ्या मांजराला. "तुम्ही जरा खाली उतरता का?" असं मांजराला सांगताना मी स्वतः ऐकलंय. लग्नाला गेले की जेवण होईपर्यंत एका कोपऱ्यात उभे राहत आणि कोण कुणाच्या शेजारी उभं आहे ते बघत. परत आल्यावर त्यावर बोलत. "माणूस कसा आहे हे त्याला विचारून कळत नाही. तो कुणाला खेटून उभा राहतो ते बघा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आमच्या स्टाफच्या एका ग्रुप फोटोवरून त्यांनी दोन लेक्चरर लवकरच भांडणार असं सांगितलं होतं, आणि ते भांडले.

ओळख झाली की सर त्या माणसाकडे रक्त मागत. हळदीच्या पेठेतले अडते, बँकेतले कॅशियर, रिक्षावाले, कुणीही असो. नकार दिला तर राग नसे. हो म्हटलं तर एकच प्रश्न विचारत. "गेल्या चार महिन्यांत तुम्हाला कुणाचं रक्त चढवलंय का?" चढवलं असेल तर हात जोडून परत पाठवत. "सध्या तुमच्या अंगात दुसरं कुणीतरी फिरतंय," म्हणत. "ते गेलं की या." ऐकणारा माणूस पुन्हा यायचा नाही.

या रक्ताचं ते काय करत हे सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी ते बर्फात ठेवलेल्या, जवळजवळ नुसत्या पाण्यात सोडत. पेशी फुगत, फुटत आणि आतलं सगळं तांबडं वाहून जाई. मग यंत्रात गरगर फिरवून, धुऊन, पुन्हा फिरवून तळाशी दुधाळ पांढरा साका उरे. तो म्हणजे माणसाच्या पेशींची नुसती बाहेरची आवरणं. आत काही नाही. आमच्या विषयात जगभर या रिकाम्या आवरणांना घोस्ट म्हणतात. सर सरळ भुतं म्हणत. "पाटलांची भुतं फ्रीजमध्ये ठेवा." "आज शहांची भुतं काढा." मामांशिवाय एकही शिपाई आमच्या विभागात टिकत नसे.

या आवरणात रिसेप्टर बसलेले असतात. बाहेरून आलेलं इन्सुलिन ओळखायचं आणि धरायचं, हे त्यांतल्या एकाचं काम. सरांना ध्यास होता तो या रिसेप्टरच्या शेजाऱ्यांचा. तो एकटा नसतो, त्याला दुसरी प्रथिनं खेटून असतात, ती कोण, हे त्यांना शोधायचं होतं. साक्यात ते एक रसायन टाकत. ते रसायन जो ज्याच्या शेजारी असेल त्याला तिथंच जखडून टाकी. मग आवरण विरघळवायचं, रिसेप्टरला तेवढं ओढून बाहेर काढायचं आणि त्याला चिकटून कोण कोण येतं ते जेलवर बघायचं. जेलवर प्रत्येक माणसाची एक उभी रांग, तिला लेन म्हणायचं, आणि त्या लेनमध्ये प्रत्येक प्रथिनाची एक आडवी रेघ. मागच्या भिंतीवर ड्रॉइंगचे कागद जोडून सरांनी या सगळ्याचा नकाशा काढायला घेतला होता. मधोमध रिसेप्टर आणि भोवती त्याचे शेजारी. काहींना नावं होती. काहींच्या जागी नुसती गोल खूण आणि पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

साका टिकवायचा तर सांगलीच्या विजेवर भरवसा नव्हता. सरांनी इस्लामपूरकडच्या एका दूध संघातून द्रव नायट्रोजनचा जुना कॅन मिळवला होता. जातिवंत वळूंचं वीर्य ज्यात ठेवतात तो. स्कूटरला बांधून ते तो भरून आणत. झाकण काढलं की पांढरा धूर बाहेर सांडे, टेबलावरून खाली उतरे आणि आमच्या पायांशी पसरे. भर दुपारी, बाहेर ऊन रटरटत असताना, घोट्यापर्यंत गार वाटे. त्या धुरात चिमटा घालण्याआधी सर थांबत आणि हलक्या आवाजात म्हणत, "येऊ का?"

मी सुरुवातीला समजले की ते मला विचारतायत, बाजूला सरकायला सांगतायत.

पहिली लेन कुणाची असते हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. बाकीच्या लेन रोज बदलत, ही तेवढी कायम. प्रयोग नीट झाला की नाही हे ताडून बघायला एक ठरावीक नमुना लागतोच, त्यात नवल नव्हतं. पण बाकीच्या कुप्यांवर आडनावं असत आणि या कुप्यांवर फक्त "घर" लिहिलेलं. एका सकाळी मामा बर्फ फोडत होते तेव्हा मी त्यांना विचारलं.

"बाईसाबांची," मामा म्हणाले.

"सरांच्या मिसेस? त्या कधी येतात? मी पाहिलं नाही त्यांना."

"न्हाई वो मॅडम. त्यास्नी जाऊन चार वर्सं झाली." मामांनी बर्फाचा मोठा खडा उचलून बादलीत टाकला. "जायच्या आदी सरांनी काढून ठिवलं. बाईसाबच म्हणल्या म्हणं, समद्यांचं घेता, माजं कवा घेतलं न्हाई. तवा घेतलं. आता त्या हितंच हायत. रोज येत्यात."

त्या दुपारी माझा डबा तसाच परत गेला.

नंतर सरांनी स्वतःच मला सांगितलं. त्यांना लपवायचं नव्हतंच. पोटातल्या जखमेतून रक्तस्राव होऊन बाई गेल्या होत्या. माहेरी साताऱ्याला गेल्या असताना एकदा दुखणं उपटलं, तेव्हा सर वडिलांच्या आजारपणामुळे तिकडे तमिळ मुलखात होते. ते परतले तोवर बाई सांगलीला घरी आल्या होत्या. जरा फिकट, पण हिंडत्याफिरत्या. त्याच आठवड्यात त्यांनी हौसेनं रक्त दिलं, आणि नंतर एका पहाटे पुन्हा रक्तस्राव झाला तो आवरला नाही.

"गंमत बघा," सर म्हणत. चार वर्षं गोठलेली, आतून रिकामी केलेली ती आवरणं ते बाहेर काढत, त्यांत इन्सुलिन टाकत आणि मला आकडे दाखवत. आवरणांनी इन्सुलिन धरलेलं असे, जिवंत माणसाच्या पेशीनं धरावं तसं. "अजून ओळखते," सर म्हणत. त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नसे.

आणखी एक गोष्ट होती. बाईंच्या लेनमध्ये एक रेघ जास्त होती. फिकट, पण स्पष्ट. त्यांच्या रिसेप्टरला चिकटून एक असा शेजारी येई जो दुसऱ्या कुणाच्याच लेनमध्ये नव्हता. सरांनी आधी वाटलं ते सगळं करून पाहिलं. रसायनं बदलली, जेल बदलली. रेघ कायम. मग त्यांनी माणसं धुंडाळली. साताऱ्याला जाऊन सासूबाईंचं रक्त आणलं, मेहुण्याचं आणलं, बाईंच्या मावशीचं आणलं. कुणातही ती नाही. अख्ख्या सांगलीत नाही. भिंतीवरच्या नकाशात या शेजाऱ्याची खूण तेवढी त्यांनी तांबड्या शाईनं काढली होती. "ही फक्त तिची आहे," ते म्हणत. माणूस गेल्यावर त्याचं असं काहीतरी सापडावं, जे त्याच्या आईतही नाही आणि भावातही नाही, यानं त्यांना एक प्रकारचा आधार मिळाला होता. आणि त्याचीच मला भीती वाटायची. कुप्या संपत आल्या होत्या.

मी माझं रक्त द्यायचं टाळत होते. सुई टोचायची भीती नव्हती. माझ्या आडनावाची भुतं त्या धुरात बाईंच्या शेजारी ठेवली जाणार, हे मला नको होतं. पण विभागात काम करून किती दिवस टाळणार? शेवटी एका उन्हाळ्यात मी बाही वर केली. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी नाही म्हटलं, रक्त काढलं गेलं.

जेलवर माझी लेन दुसरी होती. मामा ट्रे हलवत होते, मी शेजारी उभी होते. पहिल्या लेनमध्ये रेघा आल्या. मग माझ्या लेनमध्ये. बाईंची ती जास्तीची रेघ जिथं येते, त्याच उंचीवर माझ्याकडेही एक रेघ उठायला लागली. उठली ती थांबेचना. बाईंच्या रेघेपेक्षा गडद झाली.

 सरांनी ट्रे उचलून खिडकीशी नेला आणि उजेडात धरला. मग म्हणाले, "शेजारच्या लेनमधून सांडलं असेल. पुन्हा लावू. दोन टोकांना."

दोन टोकांना लावलं. बाई डावीकडे पहिल्या, मी उजवीकडे शेवटची, मध्ये सगळी सांगली. रेघ आलीच.

"तिच्यात फिकट आहे," सर म्हणाले. "तुझ्यात गडद."

तुझ्यात. हे माझ्या लक्षात घरी गेल्यावर आलं.

त्यानंतर सर बदलले. अंगचटीला येणं, वाईट नजर, असलं काही नव्हतं. तसं असतं तर मला काय करायचं ते कळलं असतं. ते मला "तू" म्हणायला लागले, जगात एकट्या मला. मी खुर्चीवर बसायच्या आधी ती पुसून ठेवायला लागले. मध्येच हातातलं काम थांबवून विचारत, "तुला गार वाऱ्यानं कान दुखतात का गं?" दुखायचे. "कारल्याची भाजी गूळ घालून आवडते ना?" आवडायची. या गोष्टी हजार माणसांच्या बाबतीत खऱ्या असतात, हे मला कळत होतं. तरी मी आरशासमोर केस विंचरताना हात थांबायला लागला. ही सवय माझी की कुणाची, असं मनात यायला लागलं. माझा आणि बाईंचा रक्तगटही एकच निघाला, ओ निगेटिव्ह, शेकड्यात एखाद-दुसऱ्याचा असतो तो.

मग ती दुपार. वीज गेली होती, सगळी यंत्रं गप्प होती. मी पाठमोरी बसून पेपर तपासत होते. सरांनी आतून एका नावानं हाक मारली. ते नाव माझं नव्हतं.

आणि मी ओ दिली.

का दिली ते मला आजही सांगता येणार नाही. सर दारात येऊन उभे राहिले.  त्यांचा चेहरा घाबरलेला होता, माझ्यापेक्षाही जास्त. ते म्हणाले, "शेवटची एकच कुपी उरली आहे. ती आता मोडायची नाही. इथून पुढे पहिल्या लेनमध्ये तुला घालू."

मी संध्याकाळच्या एसटीनं साताऱ्याला, आईकडे गेले. राजीनामा द्यायचा हे ठरवूनच.

आमचं घर सदर बाजारच्या मागे. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, बुद्धांचा फोटो आणि त्यांच्या खाली आप्पांचा, माझ्या वडिलांचा. आप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मी एमएस्सीला असताना हृदयविकारानं गेले. आईला मी सगळं सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. सरांच्या बाई मूळच्या साताऱ्याच्या, त्यांचा रक्तगट आणि माझा एकच, हेही सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"सांगलीचा मास्तर म्हणतीस? आन त्याची बायकू हितली?"

"हो."

"पोटातनं रगत गेल्यालं तिच्या?"

 हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"आप्पांचं रगत लय अवघड गटाचं," आई म्हणाली. "दवाखान्यातनं डेपोत फोन यायचा, का ह्ये अंगावरच्या काळ्या कपड्यानिशी पळायचं. कितीदा दिलं त्याला गणती न्हाई. पर ती बाई ध्यानात ऱ्हायली. माहेरपणाला आलती. नवरा सांगलीला कालिजात शिकवतो, पर त्यो तवा लांब कुटं गेलता. चांगलीच गेल्यात जमा हुती म्हणं. ह्यांचं रगत दिलं तवा वाचली."

"तुला हे सगळं कसं माहीत?"

"तिचा भाऊ आलता की घरला. नारळ आन टॉवेल-टोपी घिऊन. हितं दारात हुबा. मी म्हणलं, आवं आत या, च्या टाकते. न्हाई म्हणला. पाणी बी न्हाई घेतलं. जाताना म्हणला, ह्ये कुणाला बोलू नका, आमच्या आईला समजलं तर चालायचं न्हाई. जावयाला बी सांगितल्यालं न्हाई." आईनं पुन्हा भाजीला हात घातला. "आप्पा हसलं नुसतं. म्हणलं, ताई बऱ्या हायत न्हवं, मग झालं."

 चार महिने. चढवलेल्या रक्तातल्या पेशी चार महिने अंगात फिरतात. बाईंनी रक्त दिलं ते त्यानंतर काही आठवड्यांतच. बाईंच्या रक्तात आप्पांच्या पेशी थोड्या, म्हणून रेघ फिकट. माझ्यात ती जन्मापासून, म्हणून गडद.

पण आईच्या आठवणीवर सरांचं इतक्या वर्षांचं मन मोडायचं माझ्यानं होणार नव्हतं. मी आईचं आणि माझ्या भावाचं रक्त काढलं, दोघांना काय करतेय ते सांगून, आणि थर्मासात बर्फ घालून सांगलीला नेलं. रविवारी विभागात मी आणि मामाच होतो. भुतं केली, जेल लावली. मामा ट्रे हलवायला लागले. आईची लेन कोरी राहिली, म्हणजे ती रेघ नाही. भावाच्या लेनमध्ये ती हळूहळू वर आली, माझ्याइतकीच गडद.

"आली का?" मामांनी सवयीनं विचारलं.

"आप्पा आले," मी म्हटलं.

मामांनी ट्रे हलवायचा थांबवला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी त्या बंद कॅनकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी आमी इतकी वर्सं तुमच्या वडलास्नी बाईसाब म्हणत हुतो."

सोमवारी मी सरांसमोर जेल ठेवली आणि सुरुवातीपासून सांगितलं. मध्ये ते एकदाच बोलले. "मी सगळ्यांना विचारतो," ते म्हणाले. "रिक्षावाल्यांना विचारतो. तिला विचारलं नाही."

 ते भिंतीवरच्या नकाशाकडे गेले आणि तांबड्या खुणेवर बोट ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता फाडतील. त्यांनी फाडला नाही.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले. "भावानं सांगू नको म्हटलं म्हणून बोलली नसेल. पण रक्त घ्या म्हणून मागे लागली ती. मी शोधून काढीन असं वाटलं असेल तिला."

"त्या कुपीत त्याही आहेत, सर. दोघं आहेत."

"हो. वेगळं नाही करता येणार." त्यांनी खुणेवरचं बोट काढलं. "म्हणजे ती एकटी नव्हती त्यात."

मग त्यांनी आप्पांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि मला म्हणाले, "मॅडम, हा शोध तुमच्या घरचा आहे. तुमच्या आईंना विचारल्याशिवाय मी याचा एक शब्दही लिहिणार नाही. मला त्यांच्याकडे न्याल का?"

राजीनाम्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता. तो मी दिला नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. त्या आठवड्यापासून सर पहिल्या लेनमध्ये स्वतःचं रक्त घालू लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच घालत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी ते एकदाही तपासलेलं नव्हतं. मला त्यांनी पुन्हा कधी "तू" म्हटलं नाही. आईनं हो म्हटल्यावर आमच्या घरच्या रेघेवर त्यांनी एक छोटा लेख लिहिला, तो परदेशातल्या एका नियतकालिकानं परत पाठवला, त्यांनी तो पुन्हा पाठवला नाही. कॉलेजला रंग देताना भिंतीवरचे कागद उतरवले गेले. आता असले नकाशे मोठ्या यंत्रांवर होतात, शेकडो शेजारी एका वेळी सापडतात. मी ते बघते तेव्हा प्रत्येक गोल खुणेमागे कुणाचं रक्त असेल, असं मनात येतं.

आम्ही साताऱ्याला एसटीनं गेलो. सरांनी कॅन पायांशी धरला होता. त्यांना रिकाम्या हातानं जायचं नव्हतं, म्हणाले. कराडच्या पुढे रस्ता खराब होता, झाकण सैल झालं आणि सीटखालून पांढरा धूर निघाला. कंडक्टर धावत आला. "आवं, ह्ये काय पेटलंय काय?" सर म्हणाले, "नाही हो, गार आहे." कंडक्टरनं वाकून बघितलं, दूध संघाचं नाव वाचलं. "वळूचं हाय व्हय? मग आदी सांगायचं की," असं म्हणून तो पुढे गेला. सर खिडकीबाहेर बघत होते. मी पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं, अगदी थोडंसं.

आईनं दारात पाण्याचा तांब्या दिला. सरांनी पाय धुतले, आत येऊन सतरंजीवर बसले. तिनं पाणी दिलं ते प्यायले, आणखी मागितलं, तेही प्यायले. आप्पांच्या फोटोकडे बघून त्यांनी हात जोडले. 

"तुमच्या माणसाच्या रक्तावर माझी बायको काही दिवस जास्त जगली," ते म्हणाले. "त्या दिवसांत मी तिला भेटलो. नाहीतर भेट झाली नसती. हे मला आत्ता कळलं."

आईनं पदर सारखा केला.

"आणि अजून एक आहे. ते दोघंही थोडे माझ्याकडे शिल्लक आहेत. एकाच कुपीत. त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा. मी ठरवायचं नाही ते."

"बगू," आई म्हणाली.

सरांनी कॅनचं झाकण काढलं. धूर फरशीवर पसरला, आईच्या पायांपर्यंत गेला. तिनं पाय मागे घेतले नाहीत. सर क्षणभर थांबले, पण या वेळी काही पुटपुटले नाहीत. चिमट्यानं त्यांनी कुपी काढली, ती बर्फानं पांढरी झाली होती. स्वतःच्या रुमालात गुंडाळून त्यांनी ती आईच्या तळहातावर ठेवली.

"सर, वितळेल," मी म्हटलं. झाकण जरा जास्त वेळ उघडं राहिलं तरी ओरडणारा माणूस तो.

"असू दे," सर म्हणाले.

आईनं मूठ मिटली. रुमालातून पाणी सुटायला लागलं, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. "त्यांच्या अंगाला कायम इंजिनाची धग आसायची," ती म्हणाली. "येवढं गार कवा न्हवतं त्ये." मग ती डोळे मिटून तशीच बसून राहिली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. खोलीतला धूर विरला, फरशी दिसायला लागली. सर तिच्या मुठीकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं तिनं मूठ उघडली. रुमाल बाजूला केला. कुपीत थोडंसं पाण्यासारखं पांढरं दिसत होतं. सरांनी हात पुढे केला आणि आईनं कुपी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "आता गार न्हाई."